खळीचं चिलखत

मोहाडी,
मंडईच्या दोन दिवस आधी, दुपारचे अडीच

माझ्या एकुलत्या एका थोरल्या बहिणीला, म्हणजे लाखनीच्या शकुनताईला, तिच्या एकुलत्या एका धाकट्या भावाचा, म्हणजे भूपेंद्रचा, लांबूनच पण मनापासून वाकून नमस्कार. (प्रत्यक्षात वाकायची सध्या जरा अडचण आहे. कारण ओघाने येईलच.)

भाऊजींचा गुडघा कसा आहे? थंडी सुरू झाली की तो बोलायला लागतो, हे मला ठाऊक आहे. तुझ्या शिलाईच्या दुकानाला काचेचं दार लागलं का? हमरस्त्यावरच्या ट्रकांची धूळ ब्लाउजांवर बसते म्हणून तू ते लावणार होतीस. मला कसं कळलं म्हणशील, तर वीरेंद्रकडून. वीरेंद्र म्हणजे आपल्या गल्लीतला, तांदळाची गाडी घेऊन रोज लाखनीला येणारा. हे पत्रही त्याच्याच हाती देतो आहे. तो पत्र देऊन तिथेच उभा राहील, त्याला चहा पाज आणि लगेच परत पाठवू नको. पोस्टाने पाठवण्याइतका वेळ नाही आणि फोन तू माझा उचलत नाहीस. दोन वर्षं झाली. दोन राख्या पाकिटातून आल्या आणि दोन्ही पाकिटांवर नाव आईचं. मी दोन्ही हर्षाकडून बांधून घेतल्या. बायकोने नवऱ्याला राखी बांधायची म्हणजे काय प्रसंग आहे ते तूच समज, पण हातात राखी तुझी असल्यावर बाकीचं मी पाहिलं नाही.

अक्षर वाकडं आलं तर माफ कर. मी उभ्याने, फ्रिजच्या डोक्यावर कागद ठेवून लिहितो आहे आणि हात फक्त कोपराच्या खालून हलतो आहे. तब्येत मात्र ठणठणीत आहे, काळजी नसावी.

त्या कापडाच्या प्रकरणाबद्दल मी या पत्रात एक अक्षरही लिहिणार नाही. बाबांच्या वर्षश्राद्धाला तू सगळ्या सोयऱ्यांसमोर म्हणालीस की, बाबा शेवटी मागावर तुझ्यासाठी कोशाच्या रेशमाचं कापड विणत होते, ते कुठे आहे. आणि मी सगळ्या सोयऱ्यांसमोर म्हणालो की असं कापड या घरात नाही, नव्हतं, तुला भास झाला असेल. वर आणखी, काही न्यायचंच असेल तर पाणी भरायचा पितळी गुंड घेऊन जा, असंही म्हणालो. तू चहाला हात न लावता उठलीस आणि चारची बस धरलीस. हे सगळं मला आठवतं, एवढंच सांगायचं होतं. या बाबतीत माझं मत होतं तेच आहे. मी सगळं घर दोनदा शोधलं होतं (त्यातलं एकदा नीट).

तर मूळ मुद्दा असा की परवा आपली मंडईची जत्रा आहे. दिवाळीनंतरच्या या दिवसासाठी गावोगावच्या लेकी-बहिणी माहेरी येतात आणि आपल्या घरी मात्र दोन वर्षं आई नुसती दाराशी खुर्ची टाकून बसते. तुझ्या वाटणीचे अनारसे ती वेगळ्या डब्यात काढते आणि तो डबा होळीपर्यंत कोणाला उघडू देत नाही. होळीला ते अनारसे फोडायला खलबत्ता लागतो. यंदा तू यायचंच आहे, कारण यंदाच्या मंडईच्या नाटकात तुझा भाऊ सेनापती आहे. तोही साधासुधा नाही, मंगळ ग्रहाचा.

टेकचंदभाऊंना तू विसरली नसशील. शाळेतून निवृत्त झालेले मास्तर, तीस वर्षं मंडईचं नाटक तेच लिहितात, तेच बसवतात आणि मध्येच कोणी वाक्य विसरलं की पडद्यामागून तेच म्हणतात. त्यांच्या नाटकांत मी अकरा वर्षं एकच भूमिका केली: दुसरा शिपाई. वाक्य एकच, 'महाराज, पाहुणे आले!' ते मी कधी चुकलो नाही. (एकदा पाहुण्यांच्या आधी म्हणालो होतो, पण ती चूक पाहुण्यांची.) यंदा टेकचंदभाऊंनी राजे-महाराजे बाजूला ठेवले आणि असं नाटक लिहिलं की मंगळावरचं पाणी संपतं, तिथली फौज आपल्या गावच्या तलावावर चाल करून येते आणि शेवटी त्यांचा सेनापती तांब्याभर पाणी पिऊन रडतो आणि हत्यार खाली ठेवतो. नाटक झकास आहे, पण पोशाख कुठून आणायचा? नागपूरच्या भाड्याच्या दुकानात राजा आहे, देव आहे, पोलीस आहे, डॉक्टर आहे. मंगळावरचा माणूस नाही. तेव्हा टेकचंदभाऊंनी तालमीत जाहीर केलं, "जो आपला चिलखत आपणच बनवन, तो सेनापती." सगळे एकमेकांकडे पाहू लागले. मी हात वर केला. हात वर केल्यानंतर मग चिलखत म्हणजे नेमकं काय ते विचारून घेतलं.

तू म्हणशील, याला तर शर्टाचं बटण लावता येत नाही. खरं आहे. पण तहसीलसमोर झेरॉक्सचं दुकान चालवणाऱ्या माणसाला एक गोष्ट येते, ती म्हणजे समोर ठेवलेल्या गोष्टीची नक्कल. मी मोबाईलवर एका परदेशी माणसाचे चिलखत बनवण्याचे व्हिडिओ पाहिले. त्याची भाषा कळत नव्हती, पण भाषेला काय करायचं आहे? आपण विणकराची पोरं, बाबांनी आपल्याला कुठे काही बोलून शिकवलं? हात बघायचे आणि शिकायचं. त्या माणसाचे हात मी आठ दिवस बघितले. आठव्या दिवशी मला त्याच्या दोन-तीन चुकाही दिसायला लागल्या.

तो रबरी चटया कापून, गरम करून, वाकवून अंगाचे भाग करतो. मी तुमसरहून लहान मुलांच्या चटया आणल्या, त्या एकमेकांत अडकणाऱ्या, प्रत्येकीवर एकेक अक्षर असलेल्या. गरम करायचं त्याचं यंत्र आपल्याकडे मिळत नाही, म्हणून हर्षाची इस्त्री घेतली. चटई वाकली, हे मी ठामपणे सांगतो. फक्त ती इस्त्रीसकट वाकली. हर्षा आली आणि एवढंच म्हणाली, "आता या इस्तरीनं साडी करू का तुमचा मंगळ करू?" त्या इस्त्रीवर आजही हिरवा थर आहे. जोडायला चांभाराकडचं सोल्यूशन आणलं. ते दोन्ही बाजूंना लावून दहा मिनिटं थांबायचं असतं. मला वाटलं थांबणं हे ज्यांना आत्मविश्वास नाही त्यांच्यासाठी असेल. त्यामुळे उजव्या हाताचा भाग दुकानाच्या काउंटरला चिकटला आणि अजून तिथेच आहे. लोक त्यावर फॉर्म ठेवून सह्या करतात, सोयीचं झालं आहे. बाकी छातीचा भाग चांगला जमला होता, पण टेकचंदभाऊंनी पाहिला आणि म्हणाले की सेनापतीच्या छातीवर मधोमध 'ढ' असणं त्यांना नाटककार म्हणून चालणार नाही.

मग पुठ्ठा. कूलरच्या खोक्याचं दुसरं चिलखत केलं आणि सवय व्हावी म्हणून एक दिवस ते घालून दुकानात बसलो. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी एक म्हातारेबुवा आले. त्यांनी कागद पुढे केले, मी झेरॉक्स काढून दिली (मशीनचं झाकण उचलताना खांदा अडकत होता, तरी दिली), त्यांनी पैसे मोजले, पाठ फिरवली, परत वळले आणि फार काळजीने विचारलं, "बाबू, तुले थंडी जास्त वाजून राहिली का?" एवढंच. मंगळ वगैरे त्यांच्या डोक्यातही आलं नाही. तेव्हाच मी समजलो की पुठ्ठा म्हणजे पुठ्ठाच. संध्याकाळी घरी आलो तर हर्षा अंगणात सडा टाकत होती. कमरेखालचा भाग अंगणात राहिला आणि मी घरात आलो.

पण ताई, तुझा भाऊ हरणारा नाही. त्याच दिवशी मला खळ आठवली.

तुला आठवतं, मागावर चढवायच्या आधी ताणा पाजायचा असायचा? सकाळी सकाळी सगळी गल्ली अडवून बाबा तो लांबच लांब सुतांचा ताणा खुंट्यांवर ताणायचे, आई कणी शिजवून तांदळाची खळ करायची आणि तू एका बाजूने कुंचा मारत जायचीस. तुझा हात बाबांसारखा होता, एक सूत दुसऱ्याला चिकटायचं नाही. मीही मदत करायचो. (खळ खायचो. गूळ टाकून बरी लागते.) वाळल्यावर त्या मऊ सुताला असा ताठा यायचा की बोटाने वाजवलं तर वाजायचं. आणि मग विणायला घेतलं की बाबा काठाजवळ खुणेचा धागा टाकायचे: बाजाराच्या कापडाला काहीच नाही, घरच्याला एक लाल, आणि तुझ्यासाठी असेल तर दोन लाल. मी भांडलो होतो की हिला दोन का, तर म्हणाले होते, ती पहिली. त्यानंतर तू वर्षभर माझ्या सदऱ्याचं टोक उलटून सगळ्यांना माझा एक धागा दाखवत होतीस. हे उगाच आठवलं म्हणून लिहिलं.

तर जी खळ सुताला काठी करते, ती कापडाला लोखंड का करणार नाही? हे त्या परदेशी माणसाला सात जन्मात सुचणार नाही, कारण त्याच्या घरी ताणा पाजलेला नाही. राइस मिलमधून पाच किलो कणी आणली आणि आईला खळ करायला सांगितली. आईचे डोळे भरून आले. तिला वाटलं मी पुन्हा माग सुरू करतो आहे. मी तिला सगळं समजावून सांगितलं, तेव्हा ती पातेल्यात पळी फिरवत म्हणाली, "तुह्या बापानं पाहिलं असतं तं हासला असता." मी त्याचा अर्थ चांगला घेतला.

आता साचा. तो माणूस आपल्या मित्राच्या अंगाभोवती चिकटपट्टी गुंडाळतो, थरावर थर, मित्र उभाच. मग हातात काहीतरी घेऊन त्याच्या पाठीमागे जातो आणि इथे आपल्याकडचं नेटवर्क गेलं. पण मुख्य भाग पाहून झाला होता. साचा म्हणजे आपलंच अंग, यापेक्षा अचूक माप कोणतं? काल सकाळी नऊ वाजता मी अंगणात दोन हात पसरून उभा राहिलो. खळीने अंगाला खाज सुटू नये म्हणून आतून काहीतरी मऊ हवं होतं, म्हणून माळ्यावरून बाबांच्या जुन्या मागाचा तो कापड गुंडाळायचा लाकडी रूळ काढला. त्यावर धुराने काळंकुट्ट झालेलं एक जुनं फडकं गुंडाळलेलं होतं. गालाला लावून पाहिलं, फार मऊ. हर्षाने रूळ धरला आणि मी गोल गोल फिरत ते अख्खं फडकं न कापता अंगावर घेतलं. (रुळावरच्या कापडाला कात्री लावायची नाही, ही बाबांची शिस्त अजून अंगात आहे.) त्यावर जुनी धोतरं आणि चादरी फाडून, खळीत बुडवून, सात थर. गळ्यापासून कमरेपर्यंत आणि हात कोपरापर्यंत. खळ वाळली की कापड आटतं हे विणकराच्या पोराला सांगावं लागत नाही. मी प्रत्येक पट्टी लांबीला चांगली वीतभर जास्त ठेवली.

मग दिवसभर उन्हात उभा राहिलो. उजवीकडे ऊन लागलं की डावीकडे वळायचं, एवढंच काम. दुपारी शेजारची बकरी मागून आली आणि पाठ चाटायला लागली. मला मान वळवता येत नव्हती, म्हणून पाच-दहा मिनिटं ती हर्षाच आहे असा माझा गैरसमज होता. (हर्षाने हे वाचलं आहे आणि तिला हे छापील लग्नपत्रिकेपेक्षा जास्त लक्षात राहील असं ती म्हणते.) बकरीने खाल्लेल्या जागी आणखी दोन थर दिले. सांजेपर्यंत बोटाने वाजवलं तर टणटण वाजायला लागलं. आज सकाळी वरून गेटला मारतात तो चंदेरी ऑइल पेंट दिला, दोन हात, म्हणजे ऐन नाटकात पाऊस आला तरी खळ विरघळायला नको. हा पुढचा विचार माझाच. हर्षाने त्यावर गार पाण्याच्या दोन आणि गरम पाण्याची एक बादली ओतून पाहिली. एक थेंब आत शिरला नाही. छातीवर गणपतीच्या लाइटिंगमधले लाल दिवे आहेत आणि शिरस्त्राण म्हणून गाडीच्या हेल्मेटला पुढून टेबलफॅनची जाळी.

टेकचंदभाऊ सकाळी येऊन गेले. त्यांनी चारी बाजूंनी फिरून पाहिलं, बोटाच्या पेराने छातीवर टकटक केलं आणि खुर्चीतच बसले. म्हणाले, "भूपेंद्र, तीस वर्षांत असा पोशाख नाही पाहिला मी. सेनापती तूच." अकरा वर्षं दुसरा शिपाई राहिलेल्या माणसाला काय वाटलं असेल ते तुला सांगायला नको. पोशाख इतका अंगासरसा बसला आहे की अंग कुठे संपतं आणि पोशाख कुठे सुरू होतो ते माझं मलाच कळत नाही. पहिल्याच प्रयत्नात (तिसऱ्या) हे जमणारी माणसं थोडी असतात.

तेव्हा नक्की ये. भाऊजींना आणि पोरांना घेऊन ये. मोठ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद, आणि शेजारणीला सांग की भाऊ मंगळावर गेला आहे, परत आला की भेटवीन.

तुझाच,
भूपेंद्र
(सेनापती)

ता. क. येताना तुझी ती मोठी कात्री आण. शिलाई उसवायची बारीक, टोकदार पातीही आण. शक्य असेल तर परवाऐवजी आज आण.

ता. क. दुसरा. आटण्याबद्दल वर मी जे लिहिलं ते सगळं बरोबर आहे, फक्त ते लांबीबद्दल आहे. घेरात जास्तीचं काही ठेवायचं असतं हे डोक्यातच आलं नाही. आपल्या घरात कापड लांबीनेच मोजत आले, घेराचा विचार करणारी तू एकटी. तर मी काल सकाळी नऊपासून याच्या आत आहे. रात्री धानाच्या पोत्यांना टेकून उभ्यानेच डोळा लागला. पोळी अर्धीच जाते, कारण पोटाला पुढे यायला जागा नाही. हर्षा भरवते आणि भरवताना तोंड दुसरीकडे करून हसते. त्या बादल्या पाऊस तपासायला नव्हत्या, हे तुझ्या लक्षात आलंच असेल. टेकचंदभाऊंना यातलं काही सांगितलेलं नाही. त्यांना वाटतं मी भूमिकेत शिरलो आहे.

ता. क. तिसरा. मग कात्री हर्षाकडे नाही का, असं तू विचारशील. आहे. आज सकाळी तिने ती गळ्यापाशी लावलीही होती. चिमटीत आतलं फडकं धरलं, त्याची कड उलटली आणि ती थांबली. खळीच्या पाण्याने धूर धुऊन निघाला होता. आतून पिवळं, उन्हासारखं. काठाजवळ लाल धागे होते, ताई. दोन.

हर्षाच्या हातून कात्री पडली. आई आली, तिने चष्मा लावला नाही, नुसतं बोटाने चाचपलं आणि म्हणाली, "हे शकुनचं कापड हाये. तिले पुसल्याबिगर याले कोणी कात्री लावजो नोको." मी म्हणालो, आई, मी आत आहे. तर म्हणाली, "तू आत हायेस म्हणून कापड तुहं होत नाही."

म्हणजे कापड होतं. बाबांच्या रुळावर, त्यांनी ठेवलं तसंच, माळ्यावर होतं, आणि मी दोनदा शोधलेल्या घरात माळा धरला नव्हता. भास तुला नव्हता झाला. चार सोयऱ्यांत तुला खोटं पाडलं ते मी, आणि आता तेच कापड अंगावर घेऊन उभा आहे तोही मीच. माझं मत होतं तेच आहे असं वर लिहिलं आहे, ते खोडून टाक. मी खोडलं असतं, पण वीरेंद्र गाडी सुरू करून बसला आहे. ताई, मी चुकलो. फार वाईट बोललो, आणि त्या पितळी गुंडाचं तर मला दोन वर्षं टोचतं आहे.

ता. क. चौथा आणि खरा. कापड शाबूत आहे. अख्खंच गुंडाळलं, कुठे फाडलं नाही, आणि खळ ही काही कोशाचा वैरी नाही, धुतली की निघते. पण वरचे सात थर (बकरीच्या जागी नऊ) उघडायचे आणि आतल्या कापडाला पात्याचं टोकही लागू द्यायचं नाही, असा हात या जिल्ह्यात मला एकच माहीत आहे. चिलखत गेलं तरी चालेल. पाठीतून काप, पोटातून काप, चार तुकडे कर. सेनापती दुसरा कोणी होईल, मला माझं जुनं वाक्य पाठ आहे. पण तुझं कापड तूच माझ्या अंगावरून सोडव आणि घेऊन जा. ते तुझ्या हाती देताना मला सगळ्या सोयऱ्यांसमोर उभं करायचं असेल तर तसंही कर, उभं राहायची मला आता सवय झाली आहे.

वीरेंद्रच्या गाडीत पुढची जागा रिकामी आहे. आईने आत्ताच अनारशांचा डबा खाली काढला आणि झाकण उघडून ठेवलं. गाडी दारात थांबली की घरात सगळ्यांत आधी मीच ओरडून सांगणार आहे. वाक्य तेच, अकरा वर्षांचं, फक्त त्यातलं 'पाहुणे' काढून टाकलं आहे. 'ताई आली' असं म्हणणार आहे.